बंदूक नसलेला काऊबॉय

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या हॉलमध्ये 'सामना' हा मराठी चित्रपट दाखवण्यात आला होता. त्यानंतर महिनाभराने झालेल्या स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. बाहेर पाटवडी-रश्श्याचा वास सुटलेला आहे, त्यामुळे त्यातली शेवटची पाच मिनिटं तुम्ही माझ्याकडे बघाल पण ऐकाल रश्श्याकडे, हे गृहीत धरूनच उभा आहे.

'सामना' संपल्यावर दिवे लागले तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली ती सी विंगमधल्या सातवीतल्या एका मुलाची. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काकाजी, पिक्चरचं नाव सामना आहे, पण सामना झालाच नाही ना! शेवटी कोणी कोणाला मारलंच नाही." मी म्हटलं, आवडला नाही का? तर म्हणे, "आवडला, पण काहून आवडला ते समजून नाही राहिलं."

या पोराला मी त्या रात्री उत्तर दिलं नाही, कारण ते दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. आजचं भाषण म्हणजे त्याचंच उत्तर आहे. तो पुढच्या रांगेत बसला आहे, आणि अजून जांभई दिलेली नाही.

माझ्या वयाच्या मंडळींना काऊबॉयचे पिक्चर आठवत असतील. सदरला नाहीतर सीताबर्डीला इंग्रजी पिक्चर लागायचे आणि आम्ही कॉलेजची पोरं जायचो. त्यातलं इंग्रजी कळायचं रुपयात चार आणे. पण 'मॅकेनाज गोल्ड' समजायला इंग्रजी कशाला लागतं? घोडे, धूळ, डोंगर, सोनं. अख्ख्या हिंदुस्थानाने तो डोक्यावर घेतला होता. अशा पिक्चरना वेस्टर्न म्हणतात, कारण अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ओसाड मुलखात ते घडतात. त्यांचा सांगाडा ठरलेला असतो. एक आडगाव. तिथे कायदा नावापुरता. गाव एका माणसाच्या मुठीत, जमीन त्याची, गुरं त्याची, शेरीफही त्याचाच. मग एक दिवस एक परका माणूस त्या गावात येतो. तो कोण, कुठला, कोणाला माहीत नसतं. गावात काहीतरी झाकलेलं असतं, सगळ्यांना ठाऊक असतं, पण कोणी तोंड उघडत नाही. परका माणूस त्या झाकणाला हात घालतो. आणि शेवटी भर रस्त्यात दोघं समोरासमोर उभे राहतात, हात कमरेशी, आणि ठो!

आता 'सामना' आठवा. एक गाव. ते हिंदुराव धोंडे-पाटलांच्या मुठीत. साखर कारखाना त्यांचा, राजकारण त्यांचं, माणसं त्यांची. एक दिवस एक परका माणूस गावात येऊन पडतो. 'पडतो' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण तो दारू प्यालेला आहे. गावात काहीतरी झाकलेलं आहे: मारुती कांबळे नावाचा एक माणूस होता, तो आता नाही. परका माणूस ते नाव ऐकतो आणि विचारायला लागतो की मारुती कांबळेचं काय झालं. गाव गप्प.

सांगाडा तोच. हा वेस्टर्नच आहे, आणि आपल्यासारख्या वैदर्भीयांसाठी तर अक्षरशः वेस्टर्न, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला! (हशा झाला असेल तर छापताना कंसात लिहा, असं संपादकांना सांगून ठेवलं आहे.)

पण जब्बार पटेलांनी या सांगाड्याचं जे केलं आहे ते बघण्यासारखं आहे. वेस्टर्नमधला नेहमीचा नायक कसा असतो? तरणाबांड, पुष्कळदा लढाईवरून परतलेला सैनिक, अन्याय सहन न होणारा. असा माणूस 'सामना'मध्ये आहे की नाही? आहे. तो मारुती कांबळे. सैन्यातून गावी परतलेला, हिंदुरावासमोर ताठ उभा राहिलेला. फक्त एक फरक आहे. पिक्चर सुरू होतो तेव्हा तो मेलेला आहे. आपल्याला तो दिसतो तो लोकांच्या आठवणीतून. म्हणजे ज्या गोष्टीवर हॉलिवूडने दोन तासांचा पिक्चर काढला असता आणि शेवटी टाळ्या घेतल्या असत्या, ती गोष्ट इथे आधीच घडून संपली आहे आणि त्यात नायक हरला आहे. कांबळे हे आडनाव तेंडुलकरांनी उगाच ठेवलेलं नाही, हे नागपुरात मी वेगळं सांगायला नको. दलित पँथर १९७२ सालची, हा पिक्चर १९७४ चा. कोणाचं प्रेत लवकर विसरलं जातं याचा हिशेब त्या आडनावात आहे.

मग नायक म्हणून उरला कोण? दारुडा. वेस्टर्नमध्ये दारुडा हे एक ठरलेलं पात्र असतं, पण बाजूचं. १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये एक दारुडा डॉक्टर आहे, थॉमस मिचेलने केलेला, त्याला ऑस्कर मिळालं. १९५९ च्या 'रिओ ब्राव्हो'मध्ये डीन मार्टिनने एक दारुडा डेप्युटी केला आहे. त्याचे हात थरथरतात, पण नायकाच्या मदतीने तो हळूहळू माणसात येतो. गंमत आणायला, थोडी कीव यायला अशी पात्रं असतात. 'सामना'मध्ये खरा नायक मेल्यामुळे हे बाजूचं पात्र मधोमध येऊन उभं राहिलं आहे. मास्तर हा एकेकाळचा गांधीवादी, स्वातंत्र्याच्या लढ्यातला माणूस. स्वातंत्र्य मिळाल्यावर जे बघावं लागलं ते सहन न होऊन बाटलीत बुडालेला. त्याच्याकडे ना पिस्तूल, ना तब्येत, ना गावात कोणी सगासोयरा. आहे तो एक प्रश्न.

दारूबंदी मागणाऱ्या गांधींचा अनुयायी दारूत बुडालेला दाखवायचा, ही कल्पना आज मोबाईलवर रोज शंभर क्लिपा बघणाऱ्याला धक्कादायक वाटणार नाही. १९७४ साली गांधीजींना जाऊन जेमतेम सव्वीस वर्षं झाली होती. खादी घातलेले मास्तर घराघरात होते.

ही मंडळी कोण होती ते थोडक्यात सांगतो. जब्बार पटेल म्हणजे दौंडला लहान मुलांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर. 'सामना' हा त्यांचा पहिलाच चित्रपट. निर्माते रामदास फुटाणे, म्हणजे आपले वात्रटिकावाले फुटाणे, तेव्हा चित्रकलेचे शिक्षक. लेखन विजय तेंडुलकरांचं. संगीत भास्कर चंदावरकरांचं. मास्तर झालेले श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे सर्जन, आणि मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. एका पिक्चरमध्ये तीन-तीन डॉक्टर, म्हटल्यावर रोगाचं निदान पक्कं येणारच. आणि हिंदुराव झालेले निळू फुले? ते पुण्यात माळीकाम केलेले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. मारुतीची बायको झालेली स्मिता पाटील तर अजून फार कोणाला माहीत नव्हती.

यातलं एक सूत्र मला फार महत्त्वाचं वाटतं. याच जब्बार पटेलांनी १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' बसवलं होतं. लेखक तेच, संगीतकार तेच, आणि त्यात आगाशे नाना फडणवीस. ज्यांनी ते नाटक बघितलं आहे त्यांना ती माणसांची भिंत आठवत असेल. ब्राह्मणांची रांग गाते, नाचते, डुलते, कधी पडदा होते, कधी जंगल होते. रंगमंचावर इतकी हालचाल करू शकणारा दिग्दर्शक, हातात पहिल्यांदा कॅमेरा आल्यावर काय करील असं तुम्हाला वाटतं? कॅमेरा गरगर फिरवील, जत्रा उभी करील. यांनी उलटं केलं. रंगीत पिक्चरच्या जमान्यात काळंपांढरं ठेवलं, आणि दोन माणसांना समोरासमोर बसवून बोलू दिलं. पिक्चरमधला सामना आहे तो असा, बसून. मधे पेला.

आता त्या पेल्यावर जरा थांबू या. वेस्टर्नमध्ये खलनायक परक्या माणसाला काय करतो? त्याच्यावर माणसं घालतो, घोडा पळवतो, खोली जाळतो. हिंदुराव काय करतो? पाहुणचार करतो. रस्त्यावरचा दारुडा उचलून वाड्यावर आणतो, जेवूखाऊ घालतो, दारू पाजतो, आपला कारभार दाखवतो. आणि तो कारभार खोटा नाही, हे लक्षात घ्या. कारखान्याची चिमणी खरी आहे, लोकांना काम मिळालं आहे हे खरं आहे. हिंदुरावाला त्याचा अभिमान आहे आणि पिक्चर तो अभिमान हिसकावून घेत नाही. माझ्या शेजारी बसलेले ए विंगचे काका अर्ध्या पिक्चरपर्यंत म्हणत होते, "माणूस चांगला आहे हो, काम तर करून राहिला." नंतर ते बोलायचे बंद झाले. दिग्दर्शकाला नेमकं तेच हवं होतं. पहिल्या फटक्यात खलनायक दाखवला असता तर आपण सगळे मास्तरच्या बाजूला जाऊन निवांत बसलो असतो. इथे आपण बराच वेळ हिंदुरावाच्या ओसरीवर बसतो, त्याचा चहा पितो, आणि मग तो प्रश्न कानावर येतो. चहा अर्धा झालेला असतो. उठायचं कसं?

निळूभाऊंचा आवाजही असाच. त्या दिवशी काय झालं ते तुमच्या लक्षात असेल. मे महिना, हॉलमध्ये दोन कूलर घूं घूं करत होते. पहिली वीस मिनिटं मागून सारखं ओरडणं सुरू होतं, "आवाज वाढवा, आवाज वाढवा." सचिवांनी आवाज वाढवला तर लागूंचं बोलणं भिंतीवर आदळायला लागलं, आणि निळूभाऊ तरी ऐकूच येत नव्हते, कारण तो माणूस मुळात हळू बोलतो. ज्याच्या ताब्यात गाव आहे त्याला ओरडायची गरज नसते. शेवटी कोणीतरी उठून दोन्ही कूलर बंद केले. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, घामाच्या धारा लागलेल्या असताना दीडशे माणसं गप्प बसून एका माणसाचं हळू बोलणं ऐकत होती. नागपुरात मे महिन्यात लोकांनी आपणहून कूलर बंद करणं, याहून मोठी पावती मी एखाद्या नटाला मिळालेली पाहिली नाही. मिमिक्रीवाल्यांनी निळूभाऊंना एका वाड्याच्या वाक्यात कोंबून टाकलं आहे. नव्या पिढीला तेवढंच माहीत असतं. त्यांनी हा पिक्चर बघावा. यात धमकीसुद्धा विचारपूस केल्यासारखी येते.

लागूंचं काम याच्या अगदी उलट. ते बोलतात, बरळतात, हसतात, तोल जातो. 'नटसम्राट'नंतर चारच वर्षांनी त्यांनी हे केलं आहे, आणि रंगमंचावरचा तो भारदस्तपणा इथे पार चुरगळून टाकला आहे. एकाचा तोल सारखा जातो आणि एकाचा कधीच जात नाही. हळूहळू असं होतं की ज्याचा जातो तो स्थिर वाटायला लागतो. हे कसं केलं आहे ते मला चार वेळा बघूनही पूर्ण उलगडलेलं नाही, आणि उलगडू नये असंच वाटतं.

गाण्यांचं एक सांगतो. १९५२ चा 'हाय नून' हा प्रसिद्ध वेस्टर्न. त्यात एकच गाणं आहे आणि ते तुकड्या-तुकड्याने पिक्चरभर येत राहतं, नायकाच्या मनात चाललेलं आपल्या कानात घालतं. त्या गाण्याला ऑस्कर मिळालं. 'सामना'मध्ये आरती प्रभूंचं ते खांद्यावरच्या ओझ्याचं गाणं आहे, रवींद्र साठ्यांच्या आवाजात. खर्जातला आवाज, कुठेही घाई नाही. लताबाईंचं 'सख्या रे' जास्त वाजलं, रेडिओवर अजून लागतं. पण पिक्चरचा कणा मला आरती प्रभूंच्या गाण्यात दिसतो. कोणाचं ओझं कोण वाहतो आहे? मारुतीचं मास्तर वाहतो आहे. मास्तरचं, बघायला गेलं तर, हिंदुराव वाहतो आहे, रोजच्या दारूसकट.

एका अमेरिकन पिक्चरशी 'सामना'चं नातं फारच जवळचं आहे, म्हणून त्याचा उल्लेख करतो. १९५५ चा 'बॅड डे ॲट ब्लॅक रॉक', दिग्दर्शक जॉन स्टर्जेस. वाळवंटातलं एक टीचभर गाव, जिथे चार वर्षांत गाडी थांबलेली नाही. एक दिवस थांबते आणि एक हात निकामी झालेला माणूस उतरतो. स्पेन्सर ट्रेसी. तो कोमोको नावाच्या एका जपानी शेतकऱ्याची चौकशी करतो. गाव गप्प. कोमोकोला मारलेलं आहे, तो जपानी आहे म्हणून, आणि अख्खं गाव ते पोटात घेऊन बसलं आहे. कांबळे आणि कोमोको! जगात कुठेही जा, गाव ज्याला गिळतं तो आधीच कडेला राहणारा असतो. पण त्या पिक्चरच्या शेवटी ट्रेसी बाटलीत पेट्रोल भरून, वात पेटवून खलनायकावर फेकतो. हॉलिवूडला राहवलं नाही. आपल्या मास्तरच्या हातातही बाटली आहे, पण ती फेकायची नाही, प्यायची आहे. आणि त्याच्या सामन्याचा शेवट बार होऊन होत नाही. हिंदुरावाला अखेर कायद्याच्या ताब्यात जावं लागतं. त्या क्षणी आपल्याला विजय झाल्यासारखं वाटत नाही, हे तुम्ही अनुभवलं आहे. कोणी टाळी वाजवली नाही. सी विंगचा आमचा दोस्त 'सामना झालाच नाही' म्हणाला तो इथे अडला होता.

त्याला मी सांगेन की बाळा, तू 'शोले' पाहिला आहेस. तो १५ ऑगस्ट १९७५ चा, म्हणजे 'सामना'च्याच काळातला, आणि तोही वेस्टर्नच्या साच्यातून काढलेला. त्याचाही मूळ शेवट वेगळा होता, ठाकूर गब्बरला मारून टाकतो असा. सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि पोलीस आणले. तिथे पोलीस आल्यावर आपल्याला चुटपुट लागते, कारण तीन तास आपल्याला बदल्यासाठी तयार केलेलं असतं. 'सामना'ने आपल्याला पहिल्यापासून बदल्यासाठी तयारच केलेलं नाही. उत्तरासाठी केलेलं आहे.

आणखी एक तारखेचा योग. 'सामना' बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात स्पर्धेत होता. तो महोत्सव सुरू झाला २७ जून १९७५ ला. इकडे २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली होती. म्हणजे ज्या आठवड्यात आपल्या देशात प्रश्न विचारणाऱ्यांना रात्री घरातून उचलून नेत होते, त्याच दिवसांत बर्लिनच्या पडद्यावर एक मराठी दारुडा एकच प्रश्न परत परत विचारत होता. पिक्चर काढताना हे कोणाच्या डोक्यात असण्याचं कारण नाही. पण असं झालं खरं.

पुढे याच दिग्दर्शकाने 'सिंहासन' काढला, १९७९ मध्ये. त्यात निळूभाऊंना बातमीदार केलं, म्हणजे ज्याला उत्तरं लपवायला लावली होती त्यालाच प्रश्न विचारायला बसवलं. मग 'उंबरठा', 'मुक्ता'. आणि ज्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस आपल्या नागपुरात उजाडला, त्या बाबासाहेबांवरचा मोठा चित्रपटही त्यांचाच. 'सामना' आणि तो चित्रपट लागोपाठ बघितले तर कांबळे या आडनावाचा धागा सापडतो, पण तो विषय पाच मिनिटांचा नाही, आणि रस्सा थांबणार नाही.

मी हा पिक्चर रौप्यमहोत्सवासाठी सुचवला तेव्हा कार्यकारिणीत एक-दोघांनी विचारलं होतं, अहो, कार्यक्रम आनंदाचा, काहीतरी कौटुंबिक घ्या, 'अशी ही बनवाबनवी' घ्या. तोही मला पाठ आहे. पण 'सामना' सुचवण्यामागे एक कारण होतं. आपल्या संस्थेच्या नावात 'सहकारी' हा शब्द आहे. हिंदुरावाच्या कारखान्यामागेही तोच शब्द आहे.

सहकाराची सुरुवात फार स्वच्छ झाली होती. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून कारखाना उभा केला. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि धनंजयराव गाडगिळांचं अर्थशास्त्र. हे गाडगीळ वाढले आपल्या नागपुरात, मग केंब्रिजला गेले, आणि परत येऊन शेतकऱ्यांच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. एक माणूस, एक मत. शेअर शंभर असोत की एक, हात एकच वर करायचा. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आला, आपली सोसायटीही त्याच कायद्याखाली नोंदलेली आहे. मग पंचवीस वर्षांत असं काय झालं की तेंडुलकरांना हिंदुराव लिहावा लागला? कायदा बदलला नव्हता. मत एकच होतं. फक्त सभेत हात वर करून प्रश्न विचारणारे कमी झाले. आणि हेच तेंडुलकर दोनच वर्षांनी श्याम बेनेगलांच्या 'मंथन'ची पटकथा लिहितात! त्यातही एक परका माणूस रेल्वेतून उतरून गावात येतो, पण दुधाची सहकारी संस्था उभी करायला. तो पिक्चर गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढला. सहकाराची वाट लागलेली दाखवणारा आणि सहकाराची वाट दाखवणारा, दोन्ही पिक्चर एकाच लेखणीतून. दोन्हींत स्मिता पाटील आहे, आगाशे आहेत. जमलं तर तोही बघू.

आपल्या वार्षिक सभेची विषयपत्रिका सगळ्यांना पाठ आहे. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. हिशेबपत्रकास मंजुरी. आणि अगदी शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. त्या वेळेपर्यंत समोशांच्या प्लेटा फिरायला लागलेल्या असतात. तेव्हा जर कोणी उठून विचारलं की अमुक बिलाचं काय झालं, तर आपण सगळे त्याच्याकडे कसे बघतो? अरे बाप्पा, आता याला काय झालं! मास्तर म्हणजे आयत्या वेळचा विषय आहे.

आता शेवटचं सांगतो. पिक्चरनंतर चर्चा ठेवली होती, त्याला निम्मे लोक थांबले. कूलर अजून बंदच होते. बरंच बोलणं झालं, निळूभाऊंबद्दल, लागूंबद्दल. मग बी विंगच्या तळमजल्यावरच्या काकू उठल्या. त्या इथल्या सर्वांत जुन्या. त्या आणि त्यांचे यजमान दर रविवारी बांधकाम बघायला यायचे तेव्हा मनीषनगरच्या फाटकावर अर्धा-अर्धा तास उभं राहावं लागायचं, आणि इकडे दोन-चारच फ्लॅट स्कीमा होत्या. काकू म्हणाल्या, "आपल्या बिल्डिंगचा तिसरा मजला सुरू होता तेव्हा एक मजूर परांचीवरून पडला होता. मी स्वतः पाहिलं. त्याची बायको खाली रेती चाळत होती. त्याला रिक्षात घालून नेलं. पुढच्या रविवारी आलो तर ती दोघंही नव्हती. त्याचं काय झालं?"

हॉलमध्ये कोणाकडेच उत्तर नव्हतं. आपण बहुतेक जण नंतर राहायला आलो. बिल्डरने ते काम पुढे दुसऱ्याला दिलं होतं, आणि त्याचा आता पत्ता नाही. कूलर बंद असल्यामुळे ती शांतता जरा जास्तच ऐकू आली.

सचिवांनी दुसऱ्या दिवशी संस्थेकडे आलेल्या जुन्या कागदांचा गठ्ठा सोडला. त्यात मजुरांचं हजेरीपुस्तक नाही. विटा, रेती, सळ्या यांच्या पावत्या आहेत, त्या एक-एक व्यवस्थित टाचलेल्या. तेव्हा वाळू पुरवणारा एक जण अजून धंद्यात आहे. आपल्यातले दोघं जाऊन त्याला भेटले. त्याला माणूस आठवला. बालाघाटकडचा होता, एवढं सांगितलं, आणि एक नाव सांगितलं. ते नाव मी आज इथे घेणार नाही, आधी त्याच्या घरच्यांपर्यंत पोचायचं आहे. या महिन्याच्या शेवटी दोघं-तिघं जण गाडी काढून जाणार आहेत. ज्यांना सोबत यायचं असेल त्यांनी सचिवांकडे नाव द्यावं, गाडीत दोन जागा आहेत. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घातला आहे. आयत्या वेळचा म्हणून नाही. क्रमांक तीनवर.

आणि एक सूचना. पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी 'हाय नून' दाखवणार आहोत. पंच्याऐंशी मिनिटांचा आहे, जेवून आरामात यावं. खाली मराठी अक्षरं येणार नाहीत, पण मधे-मधे मी सांगत जाईन. बाराच्या गाडीने एक गुंड यायचा आहे आणि सगळं गाव घड्याळाकडे बघत बसलं आहे, एवढीच गोष्ट. रेल्वेची वाट बघणं म्हणजे काय हे मनीषनगरवाल्यांना समजावून सांगायला नको. त्यात चर्चमधली एक सभा आहे, सगळे उठून-उठून मत मांडतात आणि शेवटी कोणीच मदतीला येत नाही. ती मात्र कार्यकारिणीने पुढच्या रांगेत बसून बघावी. कूलरचं काय करायचं ते तेव्हाचं तेव्हा बघू.

चला, पानं मांडली आहेत.